मेंढरू चालतं का?

साल एकोणीसशे चौऱ्याण्णव. माझं वय बावन्न. शाळा तिसरीपर्यंत, तीही पावसाळ्यापुरती, कारण दिवाळी झाली की आमचं घर मेंढरांच्या मागं चालायला लागायचं आणि शाळा काही आमच्या मागं यायची नाही. त्या साली, ज्येष्ठ ते दिवाळी या मुक्कामात, मी इंग्रजीत प्रश्न विचारायला शिकलो. बोलायला नव्हे. नुसतं विचारायला. बोलणारे पुष्कळ होते. विचारायचं माझं मला होतं.

आज हे लिहायला बसलो त्याला कारण झालं. दिवाळी होऊन चार दिवस झालेत. जळोचीत मुलाच्या घराच्या ओट्यावर ऊन खात बसलो होतो, तर इंदापूरकडून आलेला एक कळप समोरच्या रस्त्यानं पश्चिमेला निघालेला. पुढं घोडं, त्याच्या पाठीवर संसार, संसारावर बांधलेली कोंबडी. मागं दीडदोनशे मेंढरं. मोटारी भोंगे वाजवत होत्या. शेजारच्या बंगल्यातल्या बाईंनी धुळीनं खिडक्या लावून घेतल्या. मी उठून उभा राहिलो. तो वास नाकात गेला, लोकरीचा, लेंड्यांचा, चघळलेल्या बाभळीच्या शेंगांचा, आणि मी थेट लोणी भापकरच्या पलीकडच्या आमच्या माळावर जाऊन पडलो.

आमचा माळ म्हणजे ढगांचा जायचा रस्ता. ढग यायचे, आम्हाला बघायचे आणि पुढं निघून जायचे. बारामतीच्या खालच्या अंगाला पाटाचं पाणी, ऊस, हिरवंगार. आमच्याकडं चार सरी पडल्या तरी माळावर बोटभर गवत यायचं आणि तेवढ्यावर मेंढरं चार महिने निभावायची. घाटाकडचा पाऊस मेंढराला सोसत नाही, खूर कुजतात. म्हणून पावसाळा घरी आणि दिवाळीनंतर चालणं. पार मावळात, घाट उतरून कोकणात, आणि ज्येष्ठात माघारी. बापानं हे केलं, आज्यानं केलं. आमचं मेंढरू हे पायांचं जनावर. अंगानं किरकोळ, लोकर भरड, पण खूर दगडासारखा.

माझ्या कळपाचा मेंढा होता काळतोंड्या. तोंड काळं, अंग मातकट, शिंगं दोन वेढे घेऊन कानामागं गेलेली. घाट उतरताना तो पुढं असला की मागच्या मेंढरांना भीती नसायची. त्याचा बाप आमच्याच कळपातला, त्याचाही बाप आमच्याच.

आषाढात माळावर एक जीप आली. सरकारी मेंढी-योजनेचे साहेब उतरले, आणि त्यांच्या मागून एक गोरा पाहुणा, न्यूझीलंडचा. चाळिशीचा असेल. टोपी, गुडघ्याला माती, हातावर जुने ओरखडे. आमच्या मेंढरात शिरला तेव्हा एकही मेंढरू बिचकलं नाही. मी मनात म्हटलं, हा कागदाचा माणूस नाही, हा जनावराचा माणूस आहे.

साहेबांनी योजना सांगितली. पाहुण्याच्या मुलखातले मेंढे आम्हाला मिळणार. आमच्या दुप्पट वजनाचे, लोकर रेशमासारखी. कोकरं अशी होतील की बघत राहाल. अट एकच. नवा मेंढा कळपात घेतला की घरचे मेंढे खच्ची करायचे, म्हणजे रक्त मिसळायला नको. दिवाळीनंतर, कळप निघायच्या आत, मेंढे घेऊन आम्ही परत येऊ. बापूराव, माझ्या शेजारच्या वस्तीवरचा, लगेच मान हलवायला लागला. सगळेच हलवायला लागले. काळतोंड्या माझ्या मागं उभा राहून बाभळीचा पाला ओढत होता.

मी म्हटलं, "साहेब, पाव्हण्याला येवढं इचारा, तुमचं मेंढरू चालतं का?"

साहेब हसले. "आबा, मेंढरू चालणार नाही तर काय उडणार? असलं विचारून आमची लाज काढू नका."

माळ हसला. बापूराव तर गुडघ्यावर थाप मारून हसला. पाहुणा मात्र माझ्याकडं बघत राहिला. या माणसानं काहीतरी विचारलंय आणि ते आपल्यापर्यंत आलेलं नाही, एवढं त्याला कळलं होतं. साहेबांनी त्याला दोन शब्द काहीतरी सांगितलं, त्यानं मान डोलावली आणि जीप धुरळा उडवत गेली.

मला काय विचारायचं होतं ते मला पक्कं ठाऊक होतं. दिवाळी ते ज्येष्ठ, रोज दोन-तीन कोस. वाटेत दगड, काटे, घाट. वाटेतच व्यायचं, दोन तासांत कोकरानं उभं राहायचं आणि आईच्या मागं लागायचं. तुमचं मेंढरू हे करतं का? वजन मला कुणी सांगू नये. वजन उचलून घाट कोण उतरवणार?

त्या दिवशी मी भाकरी अर्धी ठेवली. बायको म्हणाली, हसले तर हसले, माणसं हसायचीच. मी म्हटलं, हसू देत. परत येईल तेव्हा माझा प्रश्न मी विचारणार. पाहुण्याच्या भाषेत. ती म्हणाली, डोकं फिरलंय. ते खरंच होतं, पण ज्या बाजूला फिरलं होतं त्या बाजूला मी चालायला लागलो होतो.

घरात इंग्रजी येणारं माणूस एकच. शालन, थोरल्या मुलाची बायको. इंदापूरची, बारावी झालेली. लग्नात तिच्या ट्रंकेत साड्यांच्या खाली इंग्रजीचं एक पुस्तक होतं, ते बायकोनं बघितलं होतं आणि मला सांगितलं होतं. पण अडचण अशी की आमच्यात सून सासऱ्याशी समोरासमोर बोलत नाही. दोन वर्षं झाली होती तिला येऊन, चहा झाला की ती चुलीपुढून घराच्या मेढीकडं, म्हणजे मधल्या खांबाकडं, बघून म्हणायची, "आबांस्नी म्हणावं, चहा झालाय." मेढ काही सांगायची नाही, मी ऐकायचो आणि चहा प्यायचो. असं चाललेलं होतं आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

मी उंबऱ्याच्या बाहेर बसलो आणि म्हटलं, "शालन, मला इंग्रजीत इचारायला शिकीव."

भाकरी थापायचा आवाज थांबला. मग मेढीला उत्तर आलं, "आबांस्नी म्हणावं, काय इचारायचं ते सांगा, मी लिवून देते. पाठ करा."

मी नको म्हटलं. पाठ केलेलं एक वाक्य घेऊन मी कुठं जाऊ? त्यानं उलट काही सांगितलं आणि मला दुसरं विचारायचं झालं तर? मला प्रश्न करायचा कसा तेच पाहिजे, म्हणजे मी लागतील तेवढे करीन. आत ती हसली असावी, कारण बांगड्या वाजल्या.

बारामतीला बाजाराला गेलो तेव्हा एसटी स्टँडच्या समोरून एक वही आणि शिसपेन्सिल आणली. दुकानदारानं विचारलं, नातीला का? मी हो म्हटलं. नात तेव्हा व्हायची होती.

सकाळी मेंढरं सोडायच्या आधी, भाकऱ्या होईस्तोवर, आमची शाळा. ती चुलीपुढं पाठमोरी, मी उंबऱ्याबाहेर मांडी घालून. ती मेढीला म्हणायची, "ही ईट्स. तो खातो." मी लिहायचो, ही ईट्स. मग म्हणायची, "डज ही ईट? तो खातो का?" मी अडलो. म्हटलं, आपला 'का' शेवटी असतो, यांचा कुठं गेला? ती म्हणाली, त्यो म्होरं गेला.

हे मला इतकं आवडलं की काय सांगू. आपण वाक्य सगळं बोलून जातो आणि शेपटाला 'का' बांधतो. तोवर ऐकणाऱ्याला कळत नाही की हा सांगतोय का विचारतोय. मधेच कुणी हसलं तर प्रश्न शेपटापर्यंत पोचतच नाही. माझा नाहीच पोचला. इंग्रजाचा प्रश्न तसा नाही. आधी 'डज' पुढं येऊन उभा राहतो, छाती काढून, की ऐका, मी विचारणार आहे. त्याच्या मागून बाकीचे शब्द.

आणि त्यातला तो 'स'. ही ईट्स म्हणताना तो ईटच्या मागं असतो, प्रश्न केला की ईट नुसताच राहतो. मी तीन दिवस चुकलो. डज ही ईट्स, डज ही ईट्स. चौथ्या दिवशी माळावर बसलो असताना उजेड पडला. आमच्या कळपात घंटी एकच असते. रोज ती एका म्हाताऱ्या मेंढीच्या गळ्यात असायची. पण रस्ता बदलायचा असला की आम्ही ती काढून पुढच्या शेळीच्या गळ्यात बांधायचो. दोघींच्या गळ्यात घंटी असेल तर कळप कुणाच्या मागं जाईल? तसा तो 'स'. प्रश्न झाला की घंटी काढायची आणि पुढं उभ्या असलेल्या डजला बांधायची. दुसऱ्या दिवशी मी हे शालनला सांगितलं. ती मेढीला म्हणाली, "आबांस्नी म्हणावं, आमच्या मास्तरांनी बी असं न्हवतं सांगितलं." त्या दिवशी मी मेंढरांच्या पुढं चालत होतो का मागं, मला आठवत नाही.

श्रावण असा गेला. माळावर लांबून कुसळाचं गवत तांबूस दिसायला लागलं, ओढ्याच्या काठानं तरवड पिवळा झाला. मी एकेका मेंढराला विचारत फिरायचो. डज शी ड्रिंक? डज ही रन? डज शी स्लीप? उत्तर मीच द्यायचो. बापूराव त्याचा कळप घेऊन आडवा आला की म्हणायचा, "आबा, मेंढरं इलायतेला न्यायची काय? आमचं बी चार कोकरू घ्या संगं." मी त्याच्याकडं बघून म्हणायचो, डज ही टॉक? येस, ही डज. त्याला वाटायचं मी शिवी दिली.

भाद्रपदात कातरणी झाली. लोकर उतरली की मेंढरं बिचारी एकमेकांना ओळखत नाहीत, उगाच हुंगत फिरतात. कातरणाऱ्यानं काळतोंड्याचे चारही पाय बांधून त्याला आडवा केला होता, तेव्हा त्याच्या अंगावर हात ठेवून मी म्हटलं, डज ही फील कोल्ड? कातरणारा कात्री थांबवून म्हणाला, मंत्र हाय का? म्हटलं, व्हय. थंडी वाजत न्हाय. त्यानं तो मंत्र त्याच्या गावी नेला की नाही देव जाणे.

या सगळ्यात घरात एक गंमत घडत होती ती माझ्या उशिरा लक्षात आली. सकाळी मी तोंड धुऊन उंबऱ्याशी बसलो की आतून यायचं, "डज ही टेक टी?" मी बाहेरून म्हणायचो, "येस, ही डज." मग, "डज ही वॉन्ट भाकरी?" मराठीत दोन वर्षांत त्या पोरीनं मला एक प्रश्न विचारलेला नव्हता. विचारायची रीतच नव्हती. इंग्रजीत ती रोज विचारायला लागली. पंचमीच्या आधी एकदा म्हणाली, "डज ही नो पंचमी?" म्हणजे पंचमी ठाऊक आहे का. त्या साली आम्ही तिला माहेरी धाडायचं विसरलो होतो. मी त्याच दिवशी मुलाला सांगितलं, इंदापूरची एसटी धर. तीन दिवस माझी शाळा बंद राहिली, पण आतल्या आत मला बरं वाटत होतं. प्रश्न नीट विचारला की काम होतं, हे मी डोळ्यांनी बघितलं होतं.

ती सगळे प्रश्न 'तो'चे शिकवायची. ही आणि शी. मी समजलो इंग्रजांची अशीच रीत असणार. समोरच्या मोठ्या माणसाला तोंडावर काय विचारायचं, बाजूला बघून विचारायचं, मेढ असेल तर मेढीला. शहाणी माणसं, मनात म्हटलं. आपल्यासारखीच.

दिवाळी झाली. घोड्याचं खोगीर दुरुस्त झालं, दुसऱ्या दिवशी निघायचं ठरलं. माझे गुडघे त्या साली कुरकुरत होते. मुलं म्हणाली होती, आबा, यंदा तुम्ही घरी राहा. मी कबूलही झालो होतो. आणि त्या दुपारी जीप आली. मागं टेम्पो. टेम्पोतून फळी टाकून चार मेंढे उतरवले. काय जनावर होतं. पांढरं, रुंद, पाठ अशी की त्यावर जेवायला बसावं. कार्तिकाच्या उन्हात उभ्या उभ्या धापा टाकत होतं. साहेबांच्या माणसानं खच्ची करायचा चिमटा पोत्यावर काढून ठेवला. बापूरावनं त्याचे दोन मेंढे धरूनच आणले होते. मी काळतोंड्याला दाव्याला धरून उभा होतो. त्याचं दावं मला हाताला ओलं लागत होतं. घाम माझाच असणार.

साहेब कागद काढायला लागले. मी पुढं झालो, पटका सारखा केला. आधी पाहुण्याची विचारपूस, मग आपलं काम, ही आमची पद्धत. पाहुणा समोर उभा. मी बाजूच्या बाभळीकडं बघितलं आणि मोठ्यानं म्हटलं, "डज ही टेक टी?"

पाहुण्यानं मागं वळून बघितलं. मागं कुणी नव्हतं. त्यानं बाभळीकडं बघितलं. साहेबांच्या तोंडाला हसू फुटलं, बापूराव खोकायला लागला. पण प्रश्न सोडून द्यायला मी आलो नव्हतो. परत बाभळीला म्हटलं, सावकाश, घंटी बरोबर पुढं बांधून, "डज ही टेक टी?"

पाहुणा माझ्याकडं बघत राहिला. मग त्याला काय कळलं कुणास ठाऊक; त्यानं टोपी काढली, माझ्यासारखाच बाभळीकडं तोंड करून उभा राहिला आणि बाभळीला म्हणाला, "येस. ही डज."

मी घराकडं हात केला, चहा ठेवायला लावला. मग विचारलं, "डज ही कीप शीप?" तो बाभळीला म्हणाला, "येस, ही डज." मी विचारलं, "डज ही वॉक विथ शीप?" आता तो हसला, मान हलवली, नो म्हणाला, आणि दोन्ही हात पुढं करून मोटारसायकलच्या मुठी पिळून दाखवल्या, कुत्र्यासारखं भुंकूनही दाखवलं. म्हणजे त्याच्या मेंढरांमागं कुत्री आणि मोटारसायकल. माणसं खदखदली, पण आता हसणं माझ्या बाजूचं होतं.

मग मी त्या पांढऱ्या मेंढ्यावर हात ठेवला. सगळा पावसाळा ज्याच्यासाठी घातला ते आता तोंडात होतं.

"डज धिस शीप वॉक?"

आणि हातानं पश्चिम दाखवली. मोरगाव, सासवड, घाट, त्याच्या खालचं सगळं. बोटांनी चालून दाखवलं. दिवाळी ते ज्येष्ठ म्हणून सात बोटं वर केली, सात महिने. पाहुण्याचं हसू गेलं. त्यानं साहेबांना काहीतरी विचारलं, साहेबांना आता सांगावंच लागलं. मग तो खाली बसला. काळतोंड्याचा पुढचा पाय उचलून खूर अंगठ्यानं दाबून बघितला. पांढऱ्याचा पाय उचलला, तोही दाबला. बराच वेळ दोन्ही खूर त्याच्या दोन हातांत होते. उठला आणि या वेळी बाभळीकडं न बघता सरळ माझ्या डोळ्यांत बघून म्हणाला, "नो. इट डजन्ट."

पुढचं तो साहेबांशी बोलला, लांबलचक. साहेबांनी ते मराठीत सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज उतरला होता. त्याच्या मुलखात मेंढरं कुंपणात चरतात. एवढं चालणं त्यांनी कधी केलेलं नाही. इथली मेंढरं सात महिने चालतात, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. जे घरी ठेवून पाळतात त्यांनी हे मेंढे खुशाल घ्यावेत. जे चालतात त्यांनी आपला मेंढा जपावा, त्याला चिमटा लावू नये. बापूरावनं हे ऐकलं आणि त्याचे दोन्ही मेंढे हळूच सोडून दिले.

जीपमध्ये बसताना साहेब मला म्हणाले, "आबा, इंग्रजी चुकलं तुमचं."

मी म्हटलं, "चुकलं आसंल. उत्तर आलं का न्हाय?"

बापूरावला तेवढ्यात चेव आला. म्हणाला, आबा, माझ्या वतीनं बी इचारा, त्येच्या कुत्र्याचं नाव काय हाय. मी म्हटलं, ते पान अजून झालं न्हाय.

सांजच्याला उंबऱ्याशी बसलो तेव्हा आत बांगड्या वाजत होत्या, थांबत होत्या, परत वाजत होत्या. शालननं दाराआडून सगळं बघितलं होतं. शेवटी मेढीला म्हणाली, "आबांस्नी म्हणावं, समोरच्याला 'ही' म्हणत न्हाईत. 'यू' म्हणत्यात. डू यू टेक टी."

मी म्हटलं, "मग मला ते का न्हाय शिकवलंस?"

मग अगदी बारीक आवाजात आलं, "पुस्तकात 'यू' म्हंजी 'तू' लिवलंय. आबांस्नी तू कसं म्हणू?"

मला हसू आवरेना. बायको धावत आली, तिला वाटलं ठसका लागला. तीन महिने त्या पोरीनं माझा मान राखायला पुस्तकाचं एक पान दाबून ठेवलं होतं, आणि तोच मान घेऊन मी तालुक्यासमोर एका बाभळीला इंग्रजी बोललो होतो. लाज वाटायला हवी होती. वाटली नाही, आज इतक्या वर्षांनीही वाटत नाही. आता नात घरातून सरळ म्हणते, डू यू वॉन्ट टी, आणि ते बरोबरच आहे. पण त्या दुपारी मी ज्या रीतीनं विचारलं ती रीत माझ्या घरची होती, आणि समुद्रापलीकडच्या माणसानं टोपी काढून ती पाळली. नुसतं बरोबर बोलणाऱ्याला असलं उत्तर मिळत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलं घोड्यावर सामान लादत होती. शालननं काळतोंड्याच्या कपाळाला कुंकू लावलं. मी घोंगडं खांद्यावर टाकलं, काठी घेतली. थोरला म्हणाला, आबा, तुमचं घरी राहायचं ठरलं होतं ना, गुडघे? मी काळतोंड्याचं दावं सोडलं, त्याला पुढं घातला आणि मोरगावच्या रस्त्याला चालायला लागलो.